एकच लेन्स, मोठा सेन्सर: कॅमेरा निवडण्यापासून तो हाताला बसेपर्यंत

बाजारात कॅमेऱ्यांची एक लहानशी, जरा हेकट जात आहे. आकार खिशात किंवा फार तर छोट्या पिशवीत मावेल एवढा, आत सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चकती) मात्र डीएसएलआरच्या, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या, तोडीचा, आणि पुढे एकच लेन्स. ती बदलता येत नाही आणि बहुतेक मॉडेलांत झूमही होत नाही. सिग्माने २००८ मध्ये डीपी१ विकायला काढला तेव्हा असं काही कुणाला हवं असेल याचीच शंका होती. मग २००९ मध्ये लायकाचा एक्स१ आला, २०११ मध्ये फुजीफिल्मचा एक्स१००, २०१२ मध्ये सोनीचा फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) आरएक्स१, आणि २०१३ मध्ये रिकोचा एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवाला जीआर व निकॉनचा कूलपिक्स ए. कूलपिक्स ए एका आवृत्तीतच संपला. एक्स१०० च्या अलीकडच्या आवृत्त्यांना मात्र इतकी मागणी आली की माल पुरेना.

हे कॅमेरे लोक सेन्सर बघून घेतात आणि वर्षभराने लेन्समुळे विकतात. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी लेन्स, मग सेन्सर, मग कंपनी. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: पक्षी, मैदानी खेळ, रंगमंचावरचे कार्यक्रम हे तुमचे मुख्य विषय असतील तर इथेच थांबा. त्या कामाला हा कॅमेरा नाही, आणि कितीही सराव केला तरी होणार नाही.

पायरी १: आपली फोकल लेंग्थ शोधा

फोकल लेंग्थ म्हणजे लेन्स किती रुंद दृश्य घेते ते सांगणारा मिमीमधला आकडा: आकडा लहान तितकं दृश्य रुंद. इथे मिळणाऱ्या लेन्स मोजक्याच आहेत. फुल फ्रेमच्या हिशेबात २८, ३५, ४० आणि आसपास. २८ मध्ये रिको जीआर ३ आणि लायकाची क्यू मालिका. ३५ मध्ये एक्स१०० आणि आरएक्स१. ४० मध्ये जीआर ३एक्स. २०२४ मध्ये लायकाने ४३ मिमीचा क्यू३ आणला, तोही याच गटात धरा. यापुढच्या सगळ्या आकड्यांत फोकल लेंग्थ फुल फ्रेमशी समतुल्य अशीच धरली आहे. जीआर ३ ची लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमी आहे आणि एक्स१०० ची २३, पण लहान सेन्सरमुळे त्यांच्या दृश्याचा कोन अनुक्रमे २८ आणि ३५ च्या लेन्सएवढा पडतो.

कर्णावर मोजला तर २८ मिमीचा कोन ७५ अंशांच्या आसपास, ३५ चा ६३ आणि ४० चा ५७. हे आकडे वाचून डोळ्यापुढे काही उभं राहत नाही, त्यामुळे अंतरात बोलू. माणूस पायापासून डोक्यापर्यंत, वरखाली थोडी जागा सोडून, उभ्या फ्रेममध्ये बसवायचा असेल तर २८ ने साधारण दीड मीटरवर उभं राहावं लागतं, ३५ ने दोन मीटरवर, ४० ने सव्वादोन मीटरवर. फरक एका पावलाचा आहे, पण अनोळखी माणसासमोर ते एक पाऊल फार मोठं असतं. आता फक्त चेहरा आणि खांदे घ्या. २८ ने तुम्ही जवळपास अर्ध्या मीटरवर पोचता. समोरच्याचं नाक मोठं, कान मागे गेलेले, आणि तो माणूस अवघडलेला. ४० ने तेच चित्र पाऊण मीटरच्या जरा अलीकडून मिळतं, तेही जवळच आहे, पण चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

माझं मत विचाराल तर घरातली माणसं हा मुख्य विषय असणाऱ्याने २८ च्या वाटेला जाऊ नये. रस्ता, गर्दी, अरुंद खोल्या, इमारती असं काही असेल तर २८ सारखं सुख नाही. ३५ सगळ्यांत तडजोडीचं आहे आणि त्यामुळेच सगळ्यांत सुरक्षित.

पण माझ्या मतावर कॅमेरा घेऊ नका. फोनवर करून बघा. फोनने काढलेल्या फोटोच्या माहितीत ३५ मिमीशी समतुल्य फोकल लेंग्थ लिहिलेली असते. मुख्य कॅमेऱ्याची ती बहुधा २४ ते २६ असते. २४ असेल तर १.२ पट झूमवर २८ चा कोन मिळतो, १.५ वर ३५ चा आणि १.७ वर ४० चा. एक आठवडा एकाच आकड्यावर फोटो काढा, बोटांनी झूम करायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात दुसरा आकडा. मग फोटो बघताना सुंदर कोणते हे बघू नका. कुठे कुठे मागे सरकायला जागा नव्हती आणि कुठे विषय फ्रेममध्ये मुंगीएवढा झाला, एवढंच मोजा. पहिली तक्रार जास्त असेल तर आणखी रुंद लेन्स हवी, दुसरी जास्त असेल तर अरुंद.

जुना झूमवाला कॅमेरा असेल तर त्याच्या फोटोंतही हीच माहिती दडलेली असते. तिथे एक फसवणूक होते: झूमच्या दोन टोकांवर आकडे साचतात, कारण आपण झूम नेहमी शेवटपर्यंत ओढतो. ती टोकं बाजूला ठेवून मधले आकडे बघा.

पायरी २: सेन्सरचं गणित, पण लेन्ससकट

क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये असं आहे. १ इंची म्हणवणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ (नावात इंच असला तरी कर्ण जेमतेम १६ मिमी). फोर थर्ड्स २२५. एपीएस-सी ३६७ च्या आसपास. फुल फ्रेम ८६४. आणि फुजीफिल्मने २०२५ मध्ये आणलेल्या जीएफएक्स१००आरएफ मधला ४३.८ × ३२.९ मिमीचा मध्यम आकाराचा सेन्सर, १,४४१.

क्षेत्रफळ दुप्पट झालं की तेवढ्याच एक्स्पोजरला दुप्पट प्रकाश गोळा होतो, म्हणजे एका स्टॉपचा फायदा (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी). एपीएस-सी वरून फुल फ्रेमवर गेलात की सव्वा स्टॉप. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सहसा कुणी सांगत नाही: मोठ्या सेन्सरला तितक्याच उघड्या अ‍ॅपर्चरची लेन्स द्यायची तर ती बोजड होते, आणि कॅमेरा लहान ठेवायचा असल्याने कंपनी हे प्रकाश आत सोडणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर कमी करते. जीएफएक्स१००आरएफ ची लेन्स एफ/४ आहे (आकडा लहान तितकं भोक मोठं), लायका क्यू३ ची एफ/१.७. दोघांचाही कोन २८ चाच. सेन्सर पहिल्याचा पावणेदोन पटीच्या जवळ, पण अ‍ॅपर्चरमधून येणारा प्रकाश दुसऱ्याला साडेपाच पट. गुणाकार-भागाकार केला तर अंधारात, समान शटर स्पीडला, ‘लहान’ सेन्सरवाला क्यू३ तिपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. वर जीएफएक्स१००आरएफ मध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) नाही. त्याची ताकद वेगळी आहे: भरपूर उजेड, १०२ मेगापिक्सेल, आणि निवांत कापाकापी करायची मोकळीक.

हाच हिशेब आरएक्स१ (फुल फ्रेम, एफ/२) आणि जीआर ३ (एपीएस-सी, एफ/२.८) यांच्यात केला तर आरएक्स१ ला साडेचार पटींहून जास्त प्रकाश मिळतो, म्हणजे दोन स्टॉपच्या वर. जीआर ३ सेन्सर हलवणाऱ्या स्टॅबिलायझेशनने यातला बराच भाग भरून काढतो, पण फक्त स्थिर विषयासाठी. हलणाऱ्या माणसाला स्टॅबिलायझेशनचा काहीही उपयोग नाही.

मग लेन्स जोडलेलीच असण्यात फायदा काय? बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर आधीच ठरलेलं असतं आणि प्रत्येक लेन्सला ते पाळावं लागतं. इथे तो जाच नाही. मागचं काच सेन्सरच्या अगदी जवळ आणता येतं, सेन्सरवरच्या सूक्ष्म भिंगांची रचना त्या एका लेन्सच्या किरणांना धरून करता येते, आणि दोघांची जुळणी कारखान्यातच होते. लेन्स लहान राहूनही कोपरे धारदार राहतात ते यामुळे.

पायरी ३: अंगकाठी

बॅटरी आणि कार्डासकट जीआर ३ चं वजन २५७ ग्रॅम आहे, २०२४ च्या एक्स१०० चं ५२१ आणि क्यू३ चं ७४३. पहिला खरोखर पॅन्टच्या खिशात जातो. दुसरा कोटाच्या खिशात, खिसा लोंबकळला तरी चालत असेल तर. तिसरा खांद्याला. ‘खिशात मावणारा’ हा शब्द जाहिरातीत तिघांसाठीही सर्रास वापरला जातो, म्हणून आधी आपला खिसा ठरवा.

त्यानंतर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. जीआर ३ मध्ये तो नाहीच, रणरणत्या उन्हात स्क्रीनवर नीट दिसत नाही आणि अंदाजाने काम चालवावं लागतं. एक्स१०० मध्ये ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही सोय एकाच खिडकीत आहे. ऑप्टिकलमध्ये फ्रेमबाहेरून आत येणारा माणूस आधीच दिसतो, पण विषय जवळ असला की खिडकी आणि लेन्स यांच्या जागेतल्या फरकामुळे चौकट सरकते. जवळचं काही टिपताना इलेक्ट्रॉनिकवर जा.

पावसापाण्याचं थोडक्यात. जीआर ३ ला संरक्षण नाही. एक्स१०० च्या २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्यांना आहे, पण लेन्सपुढे जोडरिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावल्यावरच. हे बारीक अक्षरात असतं. क्यू२ आणि क्यू३ आयपी५२ दर्जाचे आहेत. शिंतोड्यांना पुरे, मुसळधारेला नाही.

पायरी ४: सेकंडहँड घेताना

यातले बरेच कॅमेरे आता दुसऱ्या हातूनच मिळतात. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स बिघडली तर दुसरी लावता येते. इथे लेन्स बिघडली म्हणजे कॅमेराच बिघडला. त्यामुळे बाहेरचे ओरखडे सोडा, पुढच्या चाचण्या करा. अर्धा तास लागतो. विकणारा कटकट करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

पहिली चाचणी अ‍ॅपर्चरची. एकाच रंगाच्या, सारख्या उजेडाच्या भिंतीकडे कॅमेरा धरा, मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भोक तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), आयएसओ, म्हणजे प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील तो आकडा, पक्का. सगळ्यात उघड्या अ‍ॅपर्चरपासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉप खाली येत फोटो काढा. शटर स्पीड आपोआप बदलत जाईल, त्यामुळे सगळे फोटो सारखेच उजळ दिसायला हवेत. एफ/८ किंवा एफ/११ ला फोटो अचानक पांढुरका झाला तर पाती पूर्ण मिटत नाहीत. काही जुन्या कॅमेऱ्यांत पाती चिकटतात. बराच वेळ पडून राहिलेला कॅमेरा पहिल्यांदा सुरू केल्यावर हे जास्त ठळक दिसतं, म्हणून ही चाचणी सगळ्यात आधी, कॅमेरा ‘गरम’ व्हायच्या आत करा.

दुसरी धुळीची. एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा. धुरकट करडे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. एफ/२.८ ला तीच धूळ दिसत नाही, कारण उघड्या अ‍ॅपर्चरमध्ये किरण सगळ्या बाजूंनी येतात आणि कणाची सावली पुसून टाकतात. विकणारे नमुना फोटो नेमके उघड्या अ‍ॅपर्चरचे पाठवतात. आत-बाहेर होणारी लेन्स दर वेळी हवा ओढते, हवेबरोबर खिशातली लव आत जाते, आणि सेन्सर उघडा करून स्वतः पुसायची इथे सोय नाही. एखादा ठिपका सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो. पाच-सात असतील तर किंमत त्या हिशेबाने ठरवा.

तिसरी कोपऱ्यांची. दूरवरची इमारत किंवा झाडांची रांग उघड्या अ‍ॅपर्चरवर चार वेळा टिपा, दर वेळी तोच तपशील एका वेगळ्या कोपऱ्यात ठेवून. चारही कोपरे थोडे मऊ असले तर चालतं, लेन्सचा तो स्वभाव असतो. तीन धारदार आणि एक धुरकट असेल तर आतलं काच सरकलं आहे, बहुधा कॅमेरा कधीतरी पडला आहे.

बाकीचं भराभर: लेन्स बाहेर येणारी असेल तर दहा वेळा चालू-बंद करून आवाज ऐका, घरघर किंवा अडखळ नको. नळी बोटाने हलकेच हलवा. झाकण लावून आयएसओ १६०० ला फोटो काढा, पांढरे-लाल ठिपके मोजा. प्रत्येक डायल, प्रत्येक बटण. फिल्टरचे आटे चेपलेले आहेत का. बॅटरी मूळ कंपनीची आहे का.

पायरी ५: पहिल्या संध्याकाळी बसून सेटिंग

हा कॅमेरा पटकन खिशातून काढून वापरायचा असतो. मेन्यूत शिरावं लागलं की क्षण गेला. म्हणून जे ठरवायचं ते घरी बसून एकदाच.

बॅटरी पूर्ण भरा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तारीख-वेळ लावा, फर्मवेअर नवं करा. फोटो रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्हीत ठेवा. रॉ नंतर पाहायचं नसेल तरी निदान पहिले दोन महिने.

मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. एपीएस-सी वर दिवसा एफ/५.६, घरात सगळ्यात उघडं. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा एपीएस-सी ला ६४००, फुल फ्रेमला १२८००. ऑटो आयएसओच्या आत ‘किमान शटर स्पीड’ नावाची जागा असते, तिकडे लोक फिरकत नाहीत आणि फोटो हलले म्हणून लेन्सला नावं ठेवतात. तिथे १/१२५ टाका. लहान मुलं किंवा रस्त्यावरची माणसं असतील तर १/२५०. ४० किंवा ६० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हाताची बारीक थरथरसुद्धा दिसते, तिथे १/२५० हीच सुरुवात धरा.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) अंगठ्याखाली येईल असं ठेवा. कडक उन्हात उणे १/३ ते उणे २/३. मोठ्या सेन्सरच्या रॉमध्ये सावलीतला तपशील वर काढता येतो, जळून गेलेलं पांढरं मात्र परत येत नाही.

आवाज बंद, फोकसचा मदतीचा दिवा बंद. कॅमेरा स्वतःहून झोपी जायची वेळ वाढवा, कारण जागा व्हायला लागणारा सेकंदच नेमका नडतो. जीआर सारख्या कॅमेऱ्यात डायलवर स्वतःचे मोड साठवता येतात. मी तीनच सुचवेन: उन्हातला रस्ता (एफ/८, ठरावीक अंतरावरचा फोकस, किमान १/५००), घरातली माणसं (उघडं अ‍ॅपर्चर, चेहरा ओळखणारा ऑटोफोकस, १/१२५), आणि तिसरा कृष्णधवल. तिसऱ्याला तांत्रिक कारण काही नाही. स्क्रीनवर रंग नसले की उजेड कुठून पडतोय ते आधी दिसतं, आणि रॉ असल्याने रंग हातचे जात नाहीत.

पायरी ६: अंतर आधीच ठरवा

या कॅमेऱ्यांचं खरं मर्म इथे आहे, आणि ऑटोफोकस कितीही सुधारला तरी हे शिकण्यासारखं आहे. ऑटोफोकसला शोधायला वेळ लागतो, तो भलत्याच माणसाला धरतो, अंधारात चाचपडतो. अंतर आधीच ठरवलेलं असेल तर कॅमेऱ्याला शोधायचं काही उरतच नाही. बटण दाबलं, फोटो निघाला.

गणित असं. जीआर ३ ची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ १८.३ मिमी. एफ/८ ला तिचं हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस ठेवला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं ते अंतर, सुमारे २.१ मीटर येतं. म्हणजे फोकस २.५ मीटरवर ठेवला की साधारण १.१ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं समाधानकारक स्पष्ट. त्याच कॅमेऱ्यावर एफ/२.८ आणि २ मीटर ठेवलात तर स्पष्ट पट्टा दीड ते तीन मीटरचा. संध्याकाळी तेवढाही पुरतो, पण अंदाज चुकवून चालत नाही. इतरांचं एफ/८ चं हायपरफोकल: एक्स१०० ३.३ मीटर, जीआर ३एक्स ४.३, लायका क्यू ३.३, आरएक्स१ ५.१. फोकस त्या अंतरावर ठेवला की त्याच्या निम्म्यापासून पुढे सगळं पट्ट्यात येतं. हे आकडे साधारण आकाराच्या छपाईला धरून आहेत. ४० मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के मोठा करून बघणाऱ्याला ते सैल वाटतील. त्याने एक स्टॉप आणखी मिटवावा. एफ/११ च्या पलीकडे एपीएस-सी वर जाऊ नका, विवर्तनाने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडायला लागतं.

आता कॅमेऱ्यावर हे कसं करायचं. जीआर मध्ये स्नॅप फोकस आहे. त्याचं अंतर मेन्यूत ठरवायचं आणि ‘पूर्ण दाब’ स्नॅप चालू करायचा. मग बटण अर्धं दाबून थांबलात तर नेहमीचा ऑटोफोकस, आणि एका दमात खालपर्यंत दाबलंत तर ठरलेल्या अंतरावर लगेच फोटो. एकाच बटणात दोन्ही. एक्स१०० मध्ये मॅन्युअल फोकसवर जाऊन अंतरपट्टी बघत रिंग फिरवायची. तिथे स्पष्टतेचा निळा पट्टा फार आखूड वाटला तर मेन्यूत तो पिक्सेलच्या हिशेबाने दाखवायचा की फिल्मच्या, हे बदलता येतं. फिल्मचा हिशेब रोजच्या कामाला जवळचा आहे. लायका क्यू मध्ये अंतराचे आकडे लेन्सच्या अंगावरच कोरलेले आहेत, कॅमेरा बंद असतानाही फोकस लावता येतो.

उरतो अंतराचा अंदाज, आणि तो डोळ्याला शिकवावा लागतो. दोन्ही हात पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास आपल्या उंचीएवढं अंतर भरतं, ते एक माप. मोजपट्टी घेऊन घरात दीड, अडीच आणि साडेतीन मीटरवर काय काय येतं ते बघून ठेवा: पलंगाची लांबी दोन मीटरच्या आसपास, दाराची उंचीही तेवढीच. मग रस्त्यावर चालताना मनात म्हणत जा, हा खांब तीन मीटर, तो माणूस दोन. फोटो काढायची गरज नाही. आठ-पंधरा दिवसांत डोळा बसतो. दोन मीटरवर बसला की बाकीची अंतरं त्याच्या आधाराने येतात.

पायरी ७: लीफ शटर आणि एनडी फिल्टर

यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर सेन्सरपुढे नसतं, लेन्सच्या आत असतं; हेच लीफ शटर. आवाज जवळजवळ नाही, हादरा नाही. एक अडचण आहे: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना पात्यांना जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे वेग मर्यादित राहतो. पहिल्या एक्स१०० मध्ये एफ/२ ला ती मर्यादा १/१००० होती.

भर उन्हात याचा अर्थ काय होतो ते बघा. आयएसओ २०० ला, सूर्य डोक्यावर असताना, एफ/१६ ला १/२०० लागतो. तिथून एफ/२ म्हणजे सहा स्टॉप, १/१२८०० होतो. शटर तिथवर पोचत नाही. त्यासाठी अंगभूत एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच, दिलेला असतो. तीन स्टॉपचा असेल तर एफ/२.८ ला १/८०० वर येता. एफ/२ ला तरीही १/१६०० उरतो, म्हणजे मर्यादेबाहेर. चार स्टॉपचा असेल, जसा एक्स१०० च्या नव्या आवृत्त्यांत आहे, तर एफ/२ लाही १/८०० पुरतो. एनडी एका बटणाला जोडून ठेवा आणि सावलीत आल्यावर काढायचं लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटरने हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण धावती गाडी त्यात तिरकी होते आणि काही दिव्यांखाली पट्टे उमटतात.

अडचण सोडली तर याच शटरमुळे एक मोठी चैन मिळते: फ्लॅश. सेन्सरपुढच्या शटरचे कॅमेरे फ्लॅशसोबत बहुधा १/१६० ते १/२५० पर्यंतच जातात. लीफ शटरला ती अट नाही. समजा दुपार आहे, माणसाच्या मागे सूर्य आहे, चेहरा काळवंडलेला. आयएसओ २००, एफ/८, १/८०० ठेवा, आकाश नीट येतं. त्याच फ्रेममध्ये छोटा फ्लॅश टाकला की चेहराही उजळतो. १/२५० ची मर्यादा असती तर आकाश जळू नये म्हणून अ‍ॅपर्चर एफ/१४ पर्यंत मिटवावं लागलं असतं आणि फ्लॅशला तिपटीहून जास्त जोर लावावा लागला असता. छोटा फ्लॅश तिथे धापा टाकतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर मात्र नको. त्याचा झोत १/१००० पेक्षा लांब असू शकतो आणि वेगवान शटर त्याचं शेपूट कापतं. निम्म्या किंवा पाव ताकदीवर ठेवा.

पायरी ८: नसलेला झूम

कॅमेऱ्यातला क्रॉप म्हणजे झूम नव्हे, कातरकाम आहे. २८ वरून ३५ वर गेलात की क्षेत्रफळ ६४ टक्के उरतं, ५० वर गेलात की जेमतेम ३१. २४ मेगापिक्सेलच्या जीआर ३ वर ते अनुक्रमे १५ आणि ७ मेगापिक्सेल. क्यू२ च्या ४७ मध्ये ५० ला १५ उरतात. ३५ पर्यंतचा क्रॉप मी बिनधास्त वापरेन. ५० चा अडीनडीला. पार्श्वभूमी धूसर करायची ताकदही क्रॉपबरोबर कमी होते हे ध्यानात असू द्या. एक्स१०० ला पुढे लावायच्या जोडलेन्स मिळतात, २८ आणि ५० अशा, पण त्या लावल्या की लहानपणाचा मुद्दाच निकालात निघतो.

पाय हलवणं हाच उपाय, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पुढे गेलात की विषय मोठा होतो, पण पार्श्वभूमीशी असलेलं त्याचं नातंही बदलतं. २८ ने डोंगरापुढे उभा माणूस टिपताना दोन पावलं पुढे गेलात तर माणूस वाढतो, डोंगर तेवढाच राहतो. काही चित्रं या कॅमेऱ्याने निघतच नाहीत. ती सोडून द्यायची, खंत न करता.

पायरी ९: निगा

खिशात कॅमेरा नुसता टाकू नका, पातळ कापडी पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी दर महिन्याला उलटी करून झटका. लव तिथूनच येते. लेन्सला आटे असतील तर साधा पारदर्शक फिल्टर लावा. वाळू उडत असेल तिथे आत-बाहेर होणारी लेन्स चालू-बंद करणं टाळा. एकदा काढलात की काम होईपर्यंत चालूच ठेवा. ब्लोअरने फुंकायचं तर लेन्सच्या काचेवर फुंका, नळीच्या फटीत नको, धूळ आत ढकलली जाते.

लहान अंगात बॅटरीही लहानच. जीआर ३ ला कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटो मिळतात. दिवसभर फिरायचं तर दोन बॅटऱ्या खिशात, शिवाय यूएसबीवर चार्ज होणाऱ्याला पॉवर बँक. थंडीत जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि कॅमेरा काही महिने वापरायचा नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली असताना बाहेर काढून ठेवा. परत घालाल तेव्हा तारीख-वेळ पुसलेली असेल, ती पहिल्या फोटोच्या आधी लावा.